ससा दिला, अंडी घेतली

एका जंगलात, मुलांनो, ज्या दिवशी ती बातमी आली त्या दिवशी विशेष असं काहीच घडत नव्हतं. होळी होऊन चार दिवस झाले होते. ऊन तापू लागलं होतं. गोंदाजी नावाचं साळिंदर आपल्या बिळातली कुरतडून झालेली हाडं बाहेर काढत होतं. साळिंदरांना हाडं कुरतडायची सवय असते. घरात बोलायला कुणी नसलं की ती जरा जास्तच साठतात.

तेवढ्यात टिटवी आली. जंगलातल्या बातम्या पोहोचवायचं काम तिचं.

"ऐकलंत का, ऐकलंत का, ससा दिला."

"कुठला ससा?" गोंदाजीने विचारलं.

"आपला. भिरक्या. टेकडीला दिला."

"आणि बदल्यात घेतलं काय?"

"अंडी."

"कसली अंडी?"

पण टिटवी पुढच्या बिळाकडे निघून गेली होती. गोंदाजी हातातलं हाड घेऊन तसाच उभा राहिला.

आता हे प्रकरण काय होतं ते तुम्हाला सांगायला हवं. त्या जंगलात सगळ्यांना हुतुतूचं वेड होतं. संघ दोन. ओढ्याकाठचे ते ओढेकर आणि वरचे ते टेकडीकर. दसऱ्याला खेळ सुरू व्हायचा आणि होळीला शेवटचा सामना व्हायचा. शेवटचा सामना दर वर्षी ह्या दोघांतच होई, कारण तिसरा संघच नव्हता. आणि दर वर्षी टेकडीकर जिंकत. त्यांच्याकडे अस्वल होतं, सांबर होतं, दोन रानडुकरं होती. ओढेकरांकडे उमेद होती.

होळीनंतर खेळ थांबे आणि गड्यांची अदलाबदल सुरू होई. ओढ्याच्या काठाला ओल्या मातीची एक उंच दरड होती. तिच्यावर ज्याच्या पंजाचा ठसा, तो त्या वर्षी ओढ्याचा. टेकडीवरही तशीच एक दरड होती. अदलाबदल म्हणजे इकडचा ठसा पुसायचा आणि तिकडे उमटवायचा. गड्याला विचारायची पद्धत नव्हती. खेळ पाच महिने चाले, अदलाबदल सात. खरं सांगायचं तर पुष्कळांना अदलाबदलच जास्त आवडे, कारण तीत ओढेकर हरत नसत.

गोंदाजीने सतरा होळ्या हार पाहिली होती. त्यातल्या चौदा त्याची बायको सारजा हिच्यासोबत. दोघं शेवटपर्यंत बसत. कितीही गुणांनी हरत असले तरी अंगावरचे काटे खळाखळा वाजवत राहत. त्या आवाजाला जंगलात तोड नव्हती. मागच्या माघात सारजा गेली. गोंदाजीच्या डाव्या बाजूची तिची जागा रिकामीच राहिली. कुणी तिथे बसत नसे. साळिंदराच्या शेजारी बसायला तसंही कुणी धजत नाही.

ह्या होळीला ओढेकर एकाच गुणाने हरले होते. भिरक्या ससा चढाईला जायचा, अस्वलाच्या पायाला हात लावायचा आणि अस्वलाला कळायच्या आत परत यायचा. असा गडी ओढ्याला कधी मिळाला नव्हता. एक गुण म्हणजे काहीच नाही. पुढच्या होळीला ओढा जिंकणार, आणि आपण एकदा का होईना ते बघणार, असं गोंदाजीने धरून ठेवलं होतं. दुसरं काही धरून ठेवायला त्याच्याकडे फारसं नव्हतं.

आणि ससाच दिला होता.

संध्याकाळी दरडीपाशी सभा भरली. ओढेकरांचा व्यवस्थापक एक उदमांजर होता. तो फार हुशार होता. तो स्वतः कधी हुतुतू खेळला नव्हता, त्यामुळे त्याला खेळाकडे तटस्थपणे बघता येई.

"मंडळी," उदमांजर म्हणाला, "आपण तीन अंडी घेतली आहेत. मगरीची."

सभेत कुजबुज झाली.

"ससा आज आहे, उद्या त्याचे गुडघे दुखतील. मगर साठ साठ वर्षं असते. आणि मगरीने एकदा पाय धरला की चढाईला आलेला गडी परत जात नाही. असे तीन गडी. विचार करा."

सगळ्यांनी विचार केला. विचार करता करता सगळ्यांचे चेहरे उजळले. फक्त गोंदाजीने हात वर केला.

"साहेब, अंडी फुटणार कधी?"

"जेठात."

"आणि ती पोरं मैदानात कधी उतरणार?"

उदमांजराने जरा वेळ मिशा साफ केल्या. "योजना बारा वर्षांची आहे."

"बारा वर्षांनी मी असेन का?"

"संघ असेल, गोंदाजी. आपण संघाकडे बघायचं."

परत जाताना घोरपडमावशी त्याच्याबरोबर चालत होती. ती त्याची शेजारीण. "मला विचारायचं ना," ती म्हणाली. "मी आजवर शंभरेक अंडी घातलीत. आत काय निघणार आहे ते अंड्यालासुद्धा ठाऊक नसतं. आणि हा सांगतो पाय धरणार."

"मगर पाय धरतेच, मावशी."

"धरते. पण कुणाचा, ते ती ठरवते."

त्यानंतरचे दिवस गोंदाजीने फार वाईट काढले. रोज सकाळी टिटवी नवी बातमी आणी. सांबर येणार. सांबर येणार नाही. सांबराची बोलणी झाली होती, पण ते दुसरंच सांबर होतं. गोंदाजी खायचं सोडून ऐकत बसे. मग बिळासमोर सात हाडं ओळीने मांडून तो संघ लावून बघे. हे पुढे, ते मागे, हे कोपऱ्यात.

एकदा घोरपडमावशी येऊन थांबली. "हे काय मांडलंयस? कुणाचं श्राद्ध आहे?"

"संघ लावतोय."

"मग चढाईला कोण?"

गोंदाजीने सातही हाडं पुन्हा बघितली. "तेच शोधतोय."

जेठात अंडी फुटली. आतून खरोखरच मगरी निघाल्या, वीतभर लांब. सगळा ओढा बघायला लोटला. एका पिल्लाने उदमांजराचं शेपूट धरलं ते सोडेचना. "पकड बघा, पकड," उदमांजर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोंदाजीनेही वाजवल्या. त्याला ते धाकटं पिल्लू आवडलं होतं. त्याची नजर चांगली होती. कुणाला न सांगता गोंदाजी दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी कडुनिंबाचा पाला खाऊ लागला. बारा वर्षं काढायची तर तब्येत सांभाळायला हवी.

भाद्रपदात ओढ्याचं पाणी उतरलं. पावसात जुने ठसे वाहून जात, म्हणून दर वर्षी ह्या सुमाराला गडीही आणि बघे लोकही दरडीवर नवे ठसे उमटवत. आम्ही ओढ्याचे, एवढाच त्याचा अर्थ. पण ह्या वर्षी बघ्यांपैकी कुणी आलं नाही. मगरी दिवसभर उन्हात झोपत होत्या. राखीव गडी म्हणून ठेवलेले दोन बेडूक दिसेनासे झाले होते. लोकांचा उत्साह ओसरला होता.

"आधी ह्या काय खेळतात ते बघू," घोरपडमावशी म्हणाली, "मग ठसा देऊ. देणार असलो तर."

गोंदाजी एकटाच गेला. त्याने नेहमीच्या जागी पंजा दाबला. डाव्या बाजूला थोडी जागा सोडली. तशी जागा यंदा भरपूरच होती.

दसऱ्याला चार दिवस उरले असताना टिटवी धापा टाकत आली.

"ऐकलंत का, ऐकलंत का, ससा परत आला."

गोंदाजी बिळातून निम्मा बाहेर आला. "भिरक्या?"

"भिरक्याच. टेकडीने दिला. आपल्या मगरी झोपतात, चढाईला कुणी नाही, म्हणून साहेबांनी मागितला."

गोंदाजीचे काटे आपोआप वाजले. कितीतरी महिन्यांत ते असे वाजले नव्हते. "साहेब हुशार आहेत," तो म्हणाला. "मी उगाच शंका घेतल्या. बदल्यात काय दिलं?"

टिटवी ह्या वेळी निघून गेली नाही. एका पायावरून दुसऱ्या पायावर झाली.

"साळिंदर."

"कुठलं साळिंदर?"

ओढ्यावर आता एकच साळिंदर उरलं होतं.

गोंदाजी तडक उदमांजराकडे गेला. "साहेब, काहीतरी घोटाळा झालाय. मी गडी नाही. मी बघायला बसतो."

"घोटाळा नाही," उदमांजर समजुतीने म्हणाला. "टेकडीला गडी नकोच आहेत. तिकडे जिंकायची एवढी सवय झालीय की लोक निम्म्या सामन्यात उठून घरी जातात. गडी बिचारे ओस मैदानात जिंकतात. त्यांना शेवटपर्यंत बसून काटे वाजवणारा माणूस हवा होता."

"पण मी ओढ्याचा आहे."

"म्हणूनच देता आला. दरडीवर ठसा असला तरच देता येतो. मी दुसऱ्या कुणाला द्यायला तयार होतो, पण ह्या वर्षी बघ्यांमध्ये ठसा तुमचा एकट्याचाच निघाला."

गोंदाजीने आपला पंजा उलटून बघितला. मग म्हणाला, "मला ओढा जिंकलेला बघायचा होता, साहेब."

"बघा ना. समोरून तर जास्त चांगलं दिसतं."

घोरपडमावशी त्याला पायवाटेपर्यंत सोडायला आली. "तुला राग नाही आला?"

"ससा परत आला ना."

"आणि तू?"

"मी कुठे चढाई करणार होतो?"

"गाढव आहेस," मावशी म्हणाली. ती जंगलातली मोठी शिवी होती. मग ती बराच वेळ वाटेवरचा एक दगड धरून बसली. घोरपडीने काही धरलं की सुटायला वेळ लागतो.

चढावर अर्ध्या वाटेत त्याला भिरक्या ससा भेटला. तो खाली उतरत होता.

"काका, तुम्ही कुठे निघालात?"

"तुझ्या जागी."

सशाचे कान खाली आले. दोघं जरा वेळ एका झाडाखाली थांबले.

"वर दगड तापतात," ससा म्हणाला. "दुपारी सागाच्या बाजूला बसा." मग तो चाचरत म्हणाला, "काका, एक सांगू? मी चढाईला गेलो ना, की भीतीने डोळे मिटून घेतो. हुतुतू म्हणत हात लावायचा आणि तुमचे काटे वाजतात तिकडे पळत सुटायचं. एवढंच मला येतं. मागच्या होळीला आवाज एकाचाच होता. एकदा चुकलो."

त्या एका चुकीने एक गुण गेला होता. गोंदाजीला आता ते कळलं. त्याला आणखी एक गोष्ट कळली, ती ससा निघून गेल्यावर. पुढच्या होळीला ते काटे टेकडीच्या बाजूला वाजणार होते.

टेकडीवर त्याची व्यवस्था चांगली होती. बसायला उंच दगड, खायला कंद. दसऱ्यापासून प्रत्येक सामन्याला तो इमानाने काटे वाजवी. ते सामने टेकडीचे आपापसांतले सरावाचे असत. अस्वल खूश होतं. "कुणीतरी बघतंय म्हटलं की बरं वाटतं हो," ते म्हणे.

होळीचा दिवस आला. समोर ओढेकर. बघायला सगळं जंगल. मैदानापलीकडे घोरपडमावशी बसली होती, ठसा न देता. तिन्ही मगरी कडेला झोपल्या होत्या.

"आज जोरात हं," अस्वल गोंदाजीला म्हणालं आणि मैदानात उतरलं.

भिरक्या चढाईला आला. त्याने डोळे मिटले. हुतुतू हुतुतू करत अस्वलाच्या पायाला हात लावला आणि एक क्षण कान उभारून थांबला.

गोंदाजीने सगळे काटे अंगाला घट्ट चिकटवून घेतले. श्वासही घेतला नाही. साळिंदराने श्वास घेतला तरी एखादा काटा वाजतो.

सशाला कुठलाच आवाज आला नाही. मग आयुष्यात पहिल्यांदाच त्याने भर मैदानात डोळे उघडले. बघितलं, आपली बाजू ओळखली आणि पळाला.

त्या दिवशी तो नऊ वेळा चढाईला गेला आणि नऊ वेळा डोळे उघडून परत आला. ओढेकर तीन गुणांनी जिंकले. ओढेकरांना जिंकल्यावर काय करायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी आधी पंचाला पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. मग उदमांजराला खांद्यावर घेतलं. उदमांजर म्हणाला, हे सगळं योजनेप्रमाणे झालं, फक्त अकरा वर्षं आधी. आणि सशाची किंमत आज आहे तेवढी पुन्हा कधी येणार नाही, म्हणून त्याच्या बदल्यात सुसरीची पाच अंडी मिळतात का, ह्याची चौकशी त्याने खांद्यावरूनच सुरू केली.

"तुम्ही वाजवले का नाहीत?" अस्वलाने गोंदाजीला विचारलं. ते रागावलं नव्हतं, नुसतं दमलं होतं.

"बघत राहिलो," गोंदाजी म्हणाला.

टेकडीकर एकेक करून घरी गेले. सगळे गेले की काटे वाजवायचे, असं गोंदाजीने मनाशी ठरवलं होतं. अंधार पडेपर्यंत तो दगडावर बसून होता. दगडाच्या डाव्या बाजूला जागा होती. पण वाजवायचे राहूनच गेले.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी एकनिष्ठ राहावे. एकनिष्ठाच्या बदल्यात चांगला गडी मिळतो.