फांद्यांचं बटण

"पाचवर ठेवलं की दाट, दोनवर ठेवलं की विरळ. स्फटिकानं फांद्या किती फोडायच्या, हे आता मी ठरवणार!" प्रोफेसर टॉर्व्हिकांनी समोरचं काळं बटण तान्ह्या बाळाची पाठ थोपटावी तसं थोपटलं.

विस्कॉन्सिनमधल्या त्या विद्यापीठाच्या तळघरात वर्षभर हेच चाललं होतं. काचेच्या डबीत मेणासारखा पदार्थ हळूहळू गोठायचा आणि पडद्यावर त्याचा स्फटिक नेच्याच्या पानासारखा वाढताना दिसायचा. बटण फिरवलं की डबीला उष्णतेचे बारीक झटके बसत, प्रत्येक झटक्याला फांदी फुटे. संगणकावरचं सरांचं गणितही तेच सांगे. आता शुक्रवारी डीन व्हिटेकरबाई स्वतः बघायला येणार होत्या. फांद्या फुटल्या नाहीत, तर खोली तलवारबाजीच्या क्लबला!

"सर, एकदा वायरी तपासून घेऊ का?" लोरेटाबाईंनी विचारलं. वीस वर्षं ही प्रयोगशाळा त्याच सांभाळत होत्या.

"वर्षभर बिनबोभाट चाललंय ना? मग हात लावायचा नाही!"

शुक्रवारी सर नव्या सुटात आले. पँटची इस्त्री मोडू नये म्हणून नेहमीच्या स्टुलावर न बसता ऐटीत उभे राहिले. बटण पाचवर. स्फटिक वाढला, पण सरळसोट, मुळ्यासारखा! बटण आठवर. मुळा. दहावर. आणखी लांब मुळा!

"फांद्या साधारण कधी येतात?" डीनबाईंनी घड्याळ पाहिलं.

"नवीन माणसं बघून लाजतोय जरा," सर घाम पुसत म्हणाले.

तोवर लोरेटाबाई टेबलाखाली शिरल्या होत्या. "अहो सर, बटणाची वायर नुसती लोंबतेय! कित्येक महिन्यांची धूळ बसलीय हिच्यावर!"

सर मटकन स्टुलावर बसले. आणि पडद्यावर फांदी फुटली! मग दुसरी, तिसरी, भराभर!

"बघा! बघा! वायरीशिवाय!" सर ओरडले. फांद्या आणखी दाट झाल्या.

"सर," टेबलाखालून आवाज आला, "तुमचा उजवा पाय."

सर बसले की त्यांचा पाय हलायचा, गुडघा टेबलाला लागायचा आणि वरच्या डबीला हादरे बसायचे. उत्साह वाढला की पाय आणखी जोरात! लोरेटाबाईंनी गुडघा दाबून धरला. फांद्या बंद. सोडला. फांद्या सुरू.

"म्हणजे वर्षभर..." डीनबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, पाय हलवला की आमची आई पाठीत धपाटा घालायची!"

"बटण दहावर गेलं की मला फार आनंद होतो हो," सर पुटपुटले.

सोमवारी डीनबाईंचं पत्र आलं. खोली वाचली, तीही दोन वर्षांसाठी! सरांनी ते खणखणीत आवाजात वाचायला घेतलं, पण दुसऱ्या ओळीला आवाज बसला. वायर जोडून सगळे प्रयोग नव्यानं करावेत. प्रमुख, लोरेटा पिझारेक. प्रयोग चालू असताना प्राध्यापक टॉर्व्हिक यांनी इमारतीबाहेर थांबावं. तिथंही शक्यतो बसू नये.