पुढं चांदणी टाका

गडमुडशिंगीच्या रिकाम्या घरात जिनेंद्र आठवड्याच्या सुट्टीची दुपार कशीबशी ढकलत होता, तोच गावातल्या ज्या छापखान्यात तो टायपिंग करायचा त्याचे मालक गौसभाई यांचा फोन आला. मुरगूडच्या बयाबाई नातवाच्या लग्नपत्रिकेसाठी ताटकळल्या होत्या आणि कॉम्प्युटरवर पत्रिका सापडत नव्हती. नातवाचं नाव आदर्श; पण फाइलला नाव देताना आपण इंग्रजीत एक ‘ए’ लिहिला होता की दोन, हे जिनेंद्रलाही आठवेना.

“आठवत्यात तेवढीच अक्षरं टाका,” तो म्हणाला, “आनि आठवत न्हाईत तिथं चांदणी टाका. बाकीचं त्यो हुडकतोय.”

गौसभाईंची उमर शिशाचे खिळे जुळवण्यात गेलेली. अक्षरांपैकी त्यांना खात्रीनं काहीच आठवत नव्हतं. तेव्हा त्यांनी नुसती चांदणीच टाकली; ताऱ्याची खूण नव्हे, तो शब्दच. एकेक कळ शोधत, सावकाश, फोनवर मोठ्यानं म्हणत, इंग्रजी अक्षरांत: सी, एच, ए...

“घावली की,” ते म्हणाले. “एकच हाय.”

जिनेंद्र ताडकन उठला. गेली दोन वर्षं जेवणाच्या सुट्टीत तो एक पत्र लिहीत होता. समोरच्या टेबलावर पत्रिकांना घड्या घालणाऱ्या दीपाच्या हाती ते कधीही पडणार नाही, या एकाच भरवशावर त्याला ते लिहिता येत होतं. तिचं नाव लिहिण्याचं धाडस नव्हतं. म्हणून मायन्यात ‘चांदणी’, आणि फाइलचं नावही तेच.

“भाई, ती उघडू नगा.”

“आता काय? छापून झाली.” बयाबाईंना वाचता येत नव्हतं आणि गौसभाईंचा चष्मा घरी राहिला होता; दीपा डबा खाऊन आली की कागद ती वाचून दाखवणार होती.

धापा टाकत जिनेंद्र छापखान्यात शिरला, तेव्हा दीपा पत्रिकेच्या संथ सुरात वाचत होती: “‘तू घड्या घालतेस आणि माझा अवघा दिवस त्यांत दुमडला जातो. संध्याकाळी तू जातेस. मागे पंख्याचा आवाज उरतो. कधी माझ्या घरी येशील का? येशील का?’”

तिनं कागद खाली घेतला.

“बोलावनं झ्याक हाय, पोरी,” बयाबाई म्हणाल्या. “पर सारखं येशील का, येशील का म्हनतंय, आनि जेवान कुठल्या हॉलात ते लिवलंच न्हाय.”

हॉलचं नाव खाली घालू, असं गौसभाईंनी आश्वासन दिलं. जिनेंद्रनं मान खाली घालून आदर्शच्या नावात तीन ठिकाणी चांदण्या पेरल्या. पत्रिका क्षणात हजर. ती ऐकल्यावर बयाबाईंनी नाक मुरडलं. हिच्यात जीव नाही, पहिलीच पाचशे छापा, असा त्यांनी हट्ट धरला.

जिनेंद्रनं कागदासाठी हात पुढे केला. दीपानं त्याची बारीक घडी घातली आणि आपल्या डब्याच्या पिशवीत ठेवली.

“कुनाचं हाय हे?” तिनं विचारलं.

“कुनाचं न्हाय.” तो कीबोर्ड पुसू लागला. “नमुना हाय.”

“ते दिसतंयच की,” दीपा म्हणाली; आणि ती पिशवीकडे नव्हे, त्याच्याकडे बघत होती.