मापारी काकाजींचा कडता

आमच्या शेजारच्या मापारी काकाजींना कुणी प्रसादाचा पेढा दिला, तर ते आधी पेढा काट्यावर ठेवतात, मग स्वतः काट्यावर चढतात आणि शेवटी तो पेढा मला देतात.

हा काटा घरगुती नाही. पोती मोजायचा आहे, लोखंडी, दांडीवर वजन सरकवायचा. काकाजींनी आर्णीच्या धान्यबाजारात सारा जन्म दुसऱ्यांची तूर आणि सोयाबीन मोजलं. इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हा हा जुना काटा भंगारात निघाला. काकाजींनी तो हातगाडीवर घालून घरी आणला आणि वऱ्हांड्यात मांडला. क्विंटलच्या काट्यावर पेढ्याचं वजन काय उमटणार? पण मी हसलो की काकाजी गंभीर होतात.

"काटा हलून नाई राह्यला म्हनजे वजन नाई, असं नसते सर. थे असंच वाढते. चोरावानी."

यंदा पोळ्याचे बैल घरोघरी ओवाळले जाऊ लागले तसे काकाजी पुढचे सण बोटांवर मोजू लागले. पोळ्याची पुरणपोळी, गणपतीचे मोदक, महालक्ष्म्यांचं जेवण, दसरा, कोजागिरीचं दूध आणि शेवटी दिवाळी. इतरांचे सण येतात, काकाजींच्या कोर्टाच्या तारखा लागतात. रोज सकाळी चहाच्या आधी ते काट्यावर उभे राहतात आणि भिंतीपलीकडून मला हाक मारतात. दांडी स्वतः पाहायची त्यांची हिंमत होत नाही.

"सर, पाहा बरं जरा. माह्या तं डोयाले अंधारी येऊन राह्यली."

मी आकडा सांगतो. मग त्यांचं नेहमीचं सुरू होतं, "कडता लावा, कडता!" बाजारात मालाच्या वजनातून बारदान्याचं आणि कचऱ्याचं वजन वजा करतात, तो कडता. काकाजी स्वतःच्या वजनातून पायजम्याचा कडता कापतात, बनियनचा कापतात. पावसाळी हवा असली तर ओलीचा वेगळा. एकदा केस कापायचे राहिले होते, तर त्याचाही मागितला. जन्मभर शेतकऱ्यांशी कडत्यावरून हुज्जत घातलेला माणूस, स्वतःच्या बाबतीत मात्र भलताच उदार.

महालक्ष्म्यांच्या दिवशी तर त्यांची दशा बघवत नाही. आमच्याकडे एकाच दिवशी चार घरची आवतनं असतात आणि महालक्ष्म्यांच्या जेवणाला नाही म्हणायची सोय नाही. काकाजी पंगतीत शेवटच्या टोकाला बसतात आणि पोळी वाढणारी बाई दिसली की दोन्ही हात पानावर पसरतात. यंदा एका घरी त्या बाईनं सरळ त्यांच्या हातांवरच पोळी ठेवली, वरून तुपाची धार सोडली. काकाजी कोपरापर्यंत तुपात, आणि चेहरा असा की कुणी समन्स बजावलं. बाई वळल्यावर ती पोळी माझ्या पानात आली. "तुम्ही खा सर. तुमचं वय आहे." अशा रीतीनं पोळ्यापासून दिवाळीपर्यंत काकाजींचं वजन माझ्या अंगावर चढलं. माझी बायको माझ्याकडे बघते आणि काकाजींना शिव्या देते.

पण हे खूळ जुनं नाही. गेल्या दिवाळीपर्यंत काकाजी एका बैठकीत पसाभर चिवडा आणि चार करंज्या सहज संपवणारे होते. नरकचतुर्दशीच्या पहाटे काय ते झालं. अंगाला तेल-उटणं लावून ते न्हाणीत शिरले आणि घसरून पडले. मुलगा पुण्यात, लक्ष्मीपूजनाला येणारा. घरात फक्त काकू. त्या ओरडत होत्या, पण गल्लीत फटाक्यांचा एवढा धडाका चालला होता की आम्हाला शेजारी असून ऐकू गेलं नाही. माणूस तेलानं माखलेला, हातात ठरेना. मी फराळाचं ताट द्यायला गेलो तेव्हा काकाजी फरशीवर आडवे होते आणि काकू त्यांच्या काखेत हात घालून ओढत होत्या. किती वेळ ओढत होत्या कोण जाणे. हाड मोडलं नाही, काकाजी आठवड्यात हिंडूफिरू लागले. काकूंचा खांदा मात्र अजून दुखतो.

तेव्हापासून काकाजींनी एकच धोशा लावला, साठ किलो. पुढच्या चतुर्दशीच्या आत साठ.

"डॉक्टर म्हणाले का साठ?" मी विचारलं होतं.

"डॉक्टरले काय समजते?"

"मग साठच का?"

"आहे त्याले कारन," एवढंच बोलून ते काट्याकडे वळले. मला वाटलं, म्हाताऱ्यानं पडण्याची धास्ती घेतली आहे.

यंदा दसऱ्याला पासष्ट होते. कोजागिरीला दुधाचा पेला नुसता हुंगून परत दिला, तरी पासष्टच. दिवाळी जवळ आली तशी त्यांची झोप उडाली. रात्रीची भाकर सोडली, दिवसा गल्लीत येरझारा घालू लागले. वसुबारसेला मी दांडी पाहून चौसष्ट म्हटलं, तर त्यांचा चेहरा रडवेला झाला. "कडता लावून?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "काकाजी, आता तुमच्याजवळ कापायसारखं काही उरलं नाही." मी गमतीनं बोललो होतो. ते हसले नाहीत.

चतुर्दशीच्या आदल्या दिवशी दुपारी मी फराळाचं ताट घेऊन त्यांच्या मागच्या दारानं गेलो. त्यांच्या शेतातलं नवं सोयाबीन घरात येऊन पडलं होतं. न्हाणीच्या दाराशी एक जुनी गोधडी अंथरलेली, तिच्यावर सोयाबीनचं पोतं आडवं घातलेलं. काकूंनी पदर कमरेला खोचला होता आणि गोधडीचं टोक दोन्ही हातांनी धरून त्या पोतं ओढत होत्या, न्हाणीपासून पलंगापर्यंत. काकाजी बाजूला उभे होते, श्वास रोखून. पोतं अर्ध्या वाटेत अडलं.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

काकाजी शरमले. मग म्हणाले, "साठाचं कारन हेच आहे सर. हिच्यानं साठच ओढल्या जाते. मोजून पाह्यलं म्या. मी पडलो त्याचं काई नाई. पन ही मले ओढता ओढता रडून राह्यली होती, थे मले रोज दिसते."

 मी ताट पलंगावर ठेवलं.

काकू कपाळाचा घाम पुसत होत्या. "पोतं चौसष्टाचं केलं आज. हे खाली येऊन नाई राह्यले, तं मलेच वर जा लागन," त्या मला म्हणाल्या. "सनासुदीचं मानूस उपाशी फिरते, माह्या घशाखाली घास उतरत नाई. आज हे पोतं पलंगापर्यंत नेतो, मंग याहीनं मुकाट्यानं अनारसा खायचा. असं ठरलं आमचं."

त्या पाणी प्यायला आत गेल्या. त्यांची पाठ वळताच काकाजी पोत्याजवळ बसले, त्याचं तोंड सैल केलं आणि ओंजळीओंजळीनं सोयाबीन काढून सदऱ्याच्या खिशात भरू लागले. दोन्ही खिसे भरले. माझ्याकडे पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

काकू आल्या, पुन्हा गोधडी धरली, आणि पोतं सरकत सरकत पलंगाला टेकलं.

"पाह्यलं? आलं!" काकूंचा चेहरा एवढा फुलला होता की मीच टाळ्या वाजवल्या. त्यांनी माझ्याच ताटातला अनारसा उचलून काकाजींच्या हातावर ठेवला. सवयीनं मी हात पुढे केला, पण काकाजींनी तो मला दिला नाही. घास घ्यायला ते जरा वाकले आणि खिशातलं सोयाबीन टपटप फरशीवर सांडलं.

 काकूंनी ते दाणे पाहिले, काकाजींचे फुगलेले खिसे पाहिले. मग खाली बसून एकेक दाणा वेचला आणि पोत्यात टाकला.

"खिशातलं भी टाका याच्यात," त्या म्हणाल्या. "पुन्हा ओढतो."

काकाजींनी खिसे उलटे केले. अनारसा तसाच त्यांच्या हातात होता. काकू पोतं न्हाणीच्या दाराकडे परत ओढायला लागल्या. मला राहवलं नाही, मी जाऊन गोधडीचं दुसरं टोक धरलं.

काकूंनी माझा हात हळूच बाजूला केला.

"सोडा सर. थ्या टायमाले मी एकटीच राहीन."