केकला कान लावणारे गुरुपादप्पा

आमच्या नळदुर्गात एक गृहस्थ होते. ते केक खात नसत, केक ऐकत असत.

ही थाप नाही. माझ्या इतर पुष्कळ गोष्टी थापा असतात हे मी आधीच कबूल करून टाकतो, पण ही नाही. गुरुपादप्पा भट्टीवाले जाड फडक्यात धरून केकचा डबा बाहेर काढायचे, त्याला उजवा कान लावायचे, डोळे मिटायचे आणि डावा हात वर करायचे. हात वर गेला की आख्ख्या गल्लीनं तोंड मिटायचं. कुणी नाही मिटलं तर ते डोळे न उघडता म्हणायचे, "सुम्निर्री." सुम्निर्री म्हणजे कानडीत 'गप बसा'. हा शब्द त्यांनी इतके वेळा वापरला होता की गल्लीतली कुत्रीसुद्धा तो ऐकून भुंकायची थांबत, आणि ती कुत्री मराठी होती.

मी तेव्हा करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर कारकून होतो. पलीकडे इंग्रजांचं सोलापूर, अलीकडे निजामाची हद्द. मधे बसून मालाच्या गाड्या अडवायच्या, पेट्या उघडायच्या आणि उर्दूत सही ठोकायची. माझी खोली गुरुपादप्पांच्या भट्टीला चिकटून होती. त्यामुळं त्यांच्या शेजारी राहण्याचे फायदे मला मिळाले, म्हणजे वास आणि धूर.

"कच्चा केक लई बोलतो, मुन्शीजी," ते मला समजावायचे. "चुरचुर, चुरचुर. नव्या सुनंवानी. एकदम गप झाला, तर समजा जळला. म्हाताऱ्यावानी अधनंमधनं पुटपुटाया लागला की काढायचा."

या अभ्यासापायी त्यांचा उजवा कान डाव्यापेक्षा दोन छटा काळा झाला होता. खरपूस भाजलेल्या पावासारखा दिसायचा.

ही विद्या त्यांनी सिकंदराबादच्या छावणीत मिळवली. तरुणपणी घरातून पळाले आणि गोऱ्या अंमलदारांच्या खाणावळीत एका गोवेकर खानसाम्याच्या हाताखाली वीस वर्षं राबले. एकदा मी सहज विचारलं, "अप्पा, लागतो कसा हो तो केक?"

"ठावं न्हाय."

"म्हणजे?"

"अंडं असतंय त्यात." त्यांनी सदऱ्यावरून गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला. "वीस वर्सं केलं, पर बोट न्हाय चाटलं. खानसामा चाखून बघायचा. म्या काय करू? मंग कान लावला."

मला हे ऐकून दोन रात्री झोप आली नाही. वीस वर्षं रोज लग्न लावणारा, आणि एकदाही न जेवणारा भटजी मी पाहिला नव्हता. पुढं मी त्यांना पाच-पन्नास वेळा विचारलं असेल, खावंसं नाही का वाटत? ते दरवेळी भट्टीत लाकूड सारायचे आणि विषय राखेत जायचा.

अशात आडतवाल्या मल्लेशप्पांच्या नीलाला न्हाण आलं. पोर शहाणी झाली की पाचव्या दिवशी न्हाऊमाखू घालून, फुलांच्या मखरात बसवून, बायांनी गाणी म्हणायची, ओटी भरायची आणि गावजेवण घालायचं, ही आमच्याकडची रीत. मल्लेशप्पांनी सोलापुरात कुठल्याशा साहेबाच्या मुलीच्या वाढदिवसाला पाच मजली केक पाहिला होता. तेव्हापासून त्यांच्या पोटात तो केक न खाताच दुखत होता.

"अप्पा, साहेबाच्या पोरीला पाच मजले, तर माझ्या नीलाला सात," ते म्हणाले. "पर अंड्याचा वास सुदिक नको. समदी आपली माणसं जेवायला हायत."

गुरुपादप्पांनी भट्टीत सारायला घेतलेलं लाकूड खाली ठेवलं. मग हळूच म्हणाले, "बिनअंड्याचा. म्हंजी मलाबी चालंल."

त्या क्षणी मला कळलं की हा केक नीलाचा जेवढा आहे तेवढाच यांचा आहे.

पण बिनअंड्याचा केक त्यांनी जन्मात केला नव्हता. दही आणि खाण्याचा सोडा यांवर तो फुगवायचा ठरला. साखर महायुद्धामुळं मिळेना, म्हणून गूळ. मैदा सोलापूरहून आला. नाक्यावर ती पोती मी इतक्या बारकाईनं तपासली की मैदा माझ्या मिशांना आठवडाभर होता. मल्लेशप्पांच्या परसात खड्डा खणून निखारे भरले, वर गुऱ्हाळातली काहील ठेवली. सगळ्यात खालच्या मजल्याला साचा म्हणून बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव घासूनपुसून लावली. मजल्यांच्या मधे टेकू म्हणून उसाची कांडी. म्हणजे घर कोसळलं तरी खांब खाता यावेत.

"वरचा मजला नीला कापणार," गुरुपादप्पा म्हणाले. "खालचे सा मजले बिघडले तर खव्यानं लिंपता येत्यात. वरचा बसला, तर म्या भट्टीत पाणी वतीन आन् काशीला जाईन."

काशीला जायची भाषा त्यांनी पूर्वीही बऱ्याच वेळा केली होती, पण या वेळी पिशवी भरून ठेवलेली मी पाहिली.

तीन दिवस गावात बोलायची चोरी झाली. देवळातल्या घंटेला धोतर गुंडाळलं. मी नाक्याचा अडसर पाडून रस्त्यावरच्या गाड्या थांबवल्या. शेवटची गाडी हैदराबादेत होती असं लोक सांगतात, पण लोकांना वाढवून सांगायची खोड असते. मी स्वतः मोजत गेलो, तर ती हुमनाबादच्या थोडी अलीकडंच होती.

एवढं करूनही दुसरा मजला मधे बसला.

"तामलवाडीत कुनीतरी शिंकलं," गुरुपादप्पा म्हणाले. तामलवाडी आमच्यापासून दहा-बारा कोस.

पाचवा मजला खालून करपला. त्याचा आळ त्यांनी एका कोंबडीवर घेतला. कोंबडी बिचारी अंडं घालून ओरडली होती. "हिला आजच सुचलं," ते म्हणाले. "बिनअंड्याच्या कामात." दोन्ही मजले खव्यानं लिंपले गेले. पण मला नवल वाटत होतं. कोंबडी ओरडली ती मजला करपून झाल्यावर, हे मी ऐकलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी नीलाला न्हाऊ घातलं, हिरवं पातळ नेसवलं आणि ओसरीवर मखरात बसवलं. परसात सातवा मजला ताटलीएवढ्या डब्यात भाजायला ठेवलेला. आणि बायांनी गाणी सुरू केली. तीस-चाळीस बाया, सगळ्या सुवासिनी, सगळ्यांचे गळे शेतात राखणीला तयार झालेले. कौलं हलत होती. मी धावत नीलाच्या आईकडं, गौरव्वाकडं गेलो.

"अहो, जरा गप करा यांना. अप्पा चिडतील."

"मुन्शीजी, लेकीच्या न्हाणाला गप बसू व्हय?" गौरव्वा म्हणाल्या. "तुमच्या त्या केकला सांगा कानात बोळं घालाया."

आता हात वर जाणार, सुम्निर्री होणार आणि काशीची पिशवी निघणार, असं म्हणत मी परसात आलो. गुरुपादप्पा डब्याला कान लावून बसले होते. डोळे मिटलेले. चेहरा शांत. ओसरीवरून आवाजाचा लोंढा येत होता.

त्यांनी डोळे उघडले आणि कौतुकानं म्हणाले, "बघा मुन्शीजी, आज बाया कशा गप हायत. लेकीच्या कामाला शानपन आलं." मग डब्याकडं पाहिलं आणि त्यांचा आवाज उतरला. "पर ह्यो बोलंना."

मी उभा होतो तिथंच राहिलो. शिंक, कोंबडी, घंटेचं धोतर, सगळं एका क्षणात माझ्यापुढं नीट लागलं. अप्पांना कधीपासून ऐकू येईनासं झालं होतं कुणास ठाऊक. गावाला ते गप करत होते ते एवढ्यासाठीच.

पण हे सांगायचं कसं? मी त्यांच्यापुढं बसलो आणि थाप मारली. "अप्पा, जिचा केक तिनं शेवटी ऐकायचा असतो म्हणे. छावणीत तशी रीत होती."

त्यांनी माझ्या ओठांकडं नीट पाहिलं.

"छावनीत म्या होतो, मुन्शीजी," ते म्हणाले. "तुमी नव्हता." आणि डबा उचलून मुकाट्यानं ओसरीकडं निघाले.

मखरापुढं ते गुडघे टेकून बसले. "नीलव्वा, कान लाव. काय म्हनतोय सांग."

तिनं कान लावला. गाणारणींचं गाणं मधेच अडलं. या वेळी कुणी गप केलं नव्हतं, त्यांना नुसतं बघायचं होतं.

"लई बोलतोय, अज्जा."

अज्जांना, म्हणजे गुरुपादप्पांना, उत्तर ऐकू आलं नाही, हे पोरीला माझ्यापेक्षा लवकर कळलं. तिनं त्यांचा हात ओढून घेतला आणि मनगटावर बोटानं टिचक्या मारल्या. टिकटिक टिकटिक टिकटिक. गुरुपादप्पा डबा घेऊन निखाऱ्यांकडं पळाले. परत आले. टिकटिक, टिकटिक. पुन्हा गेले. तिसऱ्यांदा आले तेव्हा नीला बराच वेळ वाकून राहिली. मग टिक. थांबली. टिक.

"निघाला," गुरुपादप्पा म्हणाले.

दुपारी केक उभा राहिला. उंची सांगत नाही, तुमचा विश्वास बसायचा नाही. खालचे सहा मजले थोडे तिरके होते, उसाची दोन कांडी पोरांनी आधीच पळवली होती, पण वरचा मजला नुकत्याच धुतलेल्या उंबऱ्यासारखा सपाट होता. नीलानं तो कापला. पहिला तुकडा बापाला न देता तिनं मखरातून हात लांबवून गुरुपादप्पांना दिला. मल्लेशप्पांनी पुढं केलेला हात तसाच मिशीवर नेला.

गुरुपादप्पांनी तो तुकडा आधी कानाजवळ नेला. सवयच ती. मग तोंडात घातला.

बाया पुन्हा गायला लागल्या होत्या. पंगती ओरडत होत्या, वाढपी ओरडत होते. त्यांचा जबडा हळूहळू हलत होता आणि डोळे मिटलेले होते. मला राहवेना. इतकी वर्षं जे विचारत आलो ते विचारायला मी त्यांच्या काळ्या कानाजवळ तोंड नेलं आणि जमेल तेवढ्या मोठ्यानं म्हणालो, "अप्पा, कसा लागतो?"

त्यांनी डावा हात वर केला.

"सुम्निर्री, मुन्शीजी," ते म्हणाले. "ऐकू द्या."