घरी-सांगू-नये

सुनेने सासऱ्यांच्या कॉम्प्युटरला हात लावला तो एवढ्यासाठीच, की ती काम करायची त्या चष्म्याच्या दुकानासाठी ‘काचेवर बोटं ठेवू नयेत’ अशी पाटी छापायची होती. पुढे जे झालं त्यात आपला काही दोष नव्हता, असं ती अजून म्हणते. थोडा होता.

सासरे नकाशे काढण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले. वस्तू जागच्या जागी नसली की त्यांना जेवण जायचं नाही. इंटरनेटवर वाचलेलं पान पुन्हा सापडत नाही म्हणून ते घर डोक्यावर घ्यायला लागले, तेव्हा मुलाने त्यांना एक साइट दाखवली. आवडलेल्या पानाची खूण तिथे ठेवायची आणि तिला आपल्या मनाने एखादा टॅग लावायचा, बरणीवर चिठ्ठी डकवावी तसा. सासरे सुखी झाले. ‘गुडघे’, ‘नळदुरुस्ती’, ‘टोमॅटोवरची कीड’ असे टॅग पानाच्या कडेला ओळीने लागले. सगळ्यांत खाली होता ‘घरी-सांगू-नये’.

सासरे फिरायला गेलेले, सासूबाई नेहमीप्रमाणे वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर. इतकं स्वच्छ लिहिलेलं समोर असताना माणसाने पाटी छापायची म्हणजे फारच झालं. सुनेने त्या टॅगवर क्लिक केलं आणि खुर्ची पुढे ओढली.

पहिलंच होतं, ‘म्हातारपणी मोटारसायकल’. तिला हसू आलं. खाली ‘घटस्फोटानंतर भांड्यांची वाटणी’. हसू मावळलं. मग ‘गोंदण पुसण्याचे उपाय’, ‘शेळीपालन : पहिलं वर्ष’, ‘एकट्याने जहाजप्रवास’. यादी संपता संपेना.

तिचा नवरा दातांच्या कवळ्या तयार करायचा आणि त्याचं कामाचं टेबल मागच्याच खोलीत होतं. बायकोची हाक ऐकून तो कुणाचे तरी वरचे दात हातात घेऊनच आला.

“बाबांच्या अंगावर गोंदण आहे?” तिने विचारलं.

“मी तरी कधी पाहिलं नाही.”

“म्हणजे झाकून ठेवलंय. आईंचं नाव असणार. वेगळं व्हायचं, नाव पुसायचं, मोटारसायकलवरून बंदर गाठायचं आणि जहाजात बसायचं.”

“आणि शेळ्या?”

“शेळ्या तिकडे पोहोचल्यावर.”

नवऱ्याने यादी दोनदा वाचली आणि हातातले दात खिशात घातले. त्याला बापाचा फार लळा. आईला काही कळू द्यायचं नाही, एवढं दोघांनी ठरवलं आणि लगेच नणंदेला फोन केला. नणंद आधी रडली. मग तिला आठवलं की मागच्या भेटीत बाबांनी तिची स्कूटर फार वेळ निरखून पाहिली होती. तिने रजा टाकली.

त्यानंतर घरात सासऱ्यांवर मायेचा पूर आला. त्यांना न मागता दुसरा चहा मिळू लागला. मुलाने त्यांचा पासपोर्ट कवळ्यांच्या साच्यांसाठी आणलेल्या प्लास्टरच्या पिशवीमागे दडवला आणि त्यांच्याबरोबर फिरायलाही जाऊ लागला. सासऱ्यांना यातलं काही कळेना. ते गप्प गप्प असत, पोळी बाजूला सारून नुसतं सूप पीत. अन्नावरची वासना उडालीय, म्हणजे मन केव्हाच जहाजावर गेलंय, असं सुनेचं ठाम मत पडलं.

नणंद बॅगेसकट येऊन पोहोचली त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले. सून मांडीवर मोबाईल ठेवून तेच पान बघत होती. हल्ली ते तिच्या हातून सुटतच नसे. बघता बघता यादीत वर एक नवी खूण उमटली, ‘ऐन लग्नातून पळालेल्यांचे अनुभव’. तिने मान वर केली. सासऱ्यांचे दोन्ही हात सुपाच्या वाडग्याभोवती होते.

“बाबा, हे तुम्ही आत्ता कसं केलंत?”

मग सगळं बाहेर पडलं. सासऱ्यांनी मोबाईल मागून घेतला, लांब धरला आणि कपाळावर हात मारला.

“अगं, हे माझं पान नाही. हा टॅग जगात ज्याने ज्याने लावला, त्या सगळ्यांच्या खुणा इथे एकत्र दिसतात. शेजारी बारीक अक्षरात ठेवणाऱ्याचं नाव आहे बघ. शेळ्या कुणा ‘दमलेल्या वकिला’च्या आहेत.”

दिवसभर लोकांची नजर तपासणाऱ्या सुनेला ती बारीक अक्षरं दिसली नव्हती. तिची मान खाली गेली. पण कुतूहल काही खाली जाईना.

“मग तुमची खूण कुठली?” मुलाने विचारलं.

सासरे सूप ढवळू लागले. तोवर सुनेने मोबाईल परत घेऊन यादीतल्या त्यांच्या नावावर बोट ठेवलंही होतं. पान उघडलं, ‘कवळी टोचत असल्यास घरगुती उपाय’.

ती कवळी मुलाने स्वतःच्या हाताने केलेली होती.

“टोचते?” मुलाने हळूच विचारलं.

“वरची. खालची उत्तम आहे.”

“मला सांगायचं ना, बाबा.”

“तू किती हौसेने केलीस. माझ्याने बोलवेना.”

मुलाने तळहात पुढे केला. सासऱ्यांनी भिंतीकडे तोंड करून वरची कवळी काढून त्यावर ठेवली, आणि तो ती घेऊन घासायला आत गेला. त्याला जरा बरंही वाटलं होतं. बाप जात नव्हता, नुसता उपाशी राहत होता.

सासूबाईंना एवढा वेळ कुणी नीट काहीच समजावलं नव्हतं. यात घाबरण्यासारखं कसं काही नाही हे दाखवायला सून त्यांना ती परक्या लोकांची यादी वाचून दाखवू लागली. भांड्यांच्या वाटणीला सासूबाई हसल्या. जहाजप्रवासाशी त्यांनी तिला थांबवलं.

“ते माझं आहे,” त्या म्हणाल्या.

नणंदेचा घास हातातच राहिला. सासरे वळले. वरचे दात नसल्यामुळे त्यांचा आवाज फार लहान निघाला.

“एकटीने?”

“तुम्ही पुलावरून जातानासुद्धा पाणी दिसू नये म्हणून डोळे मिटता. तुम्हाला कशाला उगीच ओढू?” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी पाण्याचा जग सरकवला.

मुलाने कवळी आणून दिली. ती नीट बसली, तरी सासऱ्यांनी पोळीला हात लावला नाही.

ते पान पुन्हा म्हणून उघडायचं नाही, असं सुनेने मनाशी पक्कं केलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते टिकलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, मोबाईल हाताशी होता. तिने टॅग उघडला आणि या वेळी आधी बारीक अक्षरं वाचली. सगळ्यांत वर सासऱ्यांचं नाव होतं आणि नवी खूण होती, ‘सत्तरीनंतर पोहायला शिका’.

तिने मोबाईल पालथा ठेवला. नवऱ्याचा फोन आला तेव्हा ती बराच वेळ हवापाण्याबद्दल बोलत राहिली.