टेंबे यांनी न फाडलेला फ्लेक्स

"टेंब्यांनी त्या टाकव्याच्या पोरीचं यंत्र विद्यापीठाच्या घशात घातलं, आणि गावानं तिचा सत्कार करायचा म्हटला तर तिचा फ्लेक्ससुद्धा फाडला."

हे वाक्य आमचे स्नेही रानडे लोणावळ्यातल्या बागेच्या बाकावर बसून रोज सकाळी उच्चारतात. रानडे हे बँकेतून व्यवस्थापक म्हणून निवृत्त झाले आहेत आणि ऐकीव मजकुरावर शिक्का मारण्याची त्यांची सवय अद्याप सुटलेली नाही. त्यांच्या या एका वाक्यात दोन असत्ये आहेत. शिवाय जिला ते 'पोरगी' म्हणतात ती डॉक्टरेट मिळवलेली संशोधक आहे, हा तिसरा प्रमाद. त्या दोन्ही प्रसंगी मी स्वतः हजर होतो. रानडे नव्हते. तरीही बाकावर त्यांचेच ऐकले जाते, कारण त्यांचा आवाज मोठा आहे. म्हणून हे लिहिणे भाग पडले.

केशव टेंबे लोणावळ्यातल्या तुंगार्लीत माझे शेजारी. विद्यापीठाच्या पेटंट कक्षाचे ते अनेक वर्षे प्रमुख होते. विद्यापीठात कोणी काही नवे शोधले, तर त्याची मालकी कोणाची, त्याचे पेटंट घ्यायचे की नाही, आणि ते वापरण्याचा परवाना कोणत्या कारखान्याला द्यायचा, हे पाहणारा तो कक्ष. पेटंटाचा पहिला नियम असा, की अर्ज दाखल होण्यापूर्वी शोध जगजाहीर झाला तर तो नवा राहत नाही, आणि जो नवा नाही त्याला पेटंट नाही. हा नियम टेंब्यांच्या अंगात इतका मुरला होता, की समोरचा माणूस "मला एक कल्पना सुचली आहे" असे म्हणू लागताच त्यांचा उजवा तळहात वाहतूक पोलिसासारखा वर जाई.

"थांबा. हे आणखी कोणाला सांगितलंत?"

बाजारातल्या एका चिक्कीवाल्याने एकदा मोठ्या उत्साहाने त्यांना जवस घालून केलेल्या नव्या चिक्कीची कृती सांगायला घेतली. टेंब्यांचा हात वर गेला. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, आवाज खाली आणला आणि तो ठरावीक प्रश्न विचारला. चिक्कीवाल्याला वाटले, साहेब अन्न खात्याचे. त्याने जवसाचे पोते आत सरकवले आणि पुढे महिनाभर टेंब्यांकडून चिक्कीचे पैसे घेतले नाहीत. टेंब्यांना त्याचे कारण कधीच कळले नाही.

त्यांच्या पत्नी हयात असताना म्हणत, "भाजीत काय घातलं ते सांगायचीही चोरी आहे आमच्याकडे." त्या गेल्यावर त्या घरात सांगणारेच कोणी उरले नाही. बाहेर लोक त्यांना पाहून विषय बदलत. आमच्या बाकावरही ते आले की गप्पा गुडघेदुखीवर येत, कारण त्या विषयात कोणाला नवे काही सुचण्याचा संभव नव्हता.

आता फ्लेक्सविषयी.

डॉ. सुनीता जांभुळकर या टाकवे बुद्रुकच्या. वडील किसनभाऊ, भातशेती करणारे. मावळात कापणीच्या वेळी हवेत ओल असली की भात नीट वाळत नाही, आणि गरम हवेने वाळवावा तर तांदळाचा वास उडून जातो. सुनीताने विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत असे एक कपाट तयार केले, की ज्यात हवा न तापवता तिच्यातली ओल काढून घेतली जाते आणि भात वासासकट वाळतो. चाचण्या उत्तम झाल्या. ही वार्ता तिने घरी कळवली आणि कौतुकाने भावाच्या फोनवर यंत्राचे चित्रही पाठवले.

मावळात एखाद्याने काही मिळवले की चौकात फ्लेक्स लागतो. दहावी पास झाल्याचा लागतो, तर यंत्राचा का लागू नये? भावाने फ्लेक्स करायला दिला. त्यावर सुनीताचा फोटो, खाली काळे चष्मे घातलेले शुभेच्छुक, आणि मधली जागा रिकामी दिसते म्हणून छापणाऱ्याने ते चित्र मोठे करून टाकले. यंत्राचा उभा छेद, नळीनळीला बाण, बाणाबाणाला नाव. आणि पेटंटाचा अर्ज अद्याप दाखल व्हायचा होता.

सुनीताने हे टेंब्यांना दूरध्वनीवर सांगितले तेव्हा मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. टेंब्यांनी कप ठेवला आणि मला विचारले, "गाडीत पेट्रोल आहे?" मी होतो म्हणूनच सांगतो: आम्ही पोचलो तेव्हा फ्लेक्सची एक बाजू खांबाला बांधून झाली होती आणि दुसऱ्या बाजूची दोरी ओढणे चालू होते. टेंबे धावत गेले, अंगातला रेनकोट काढला आणि दोन्ही हातांनी तो चित्रावर धरून उभे राहिले. रानडे ज्याला फाडणे म्हणतात, ते हेच. एक कोपरा फाटला, हे सत्य आहे. तो दोरीने फाटला. वरची मंडळी ओढत होती आणि खाली टेंबे हलत नव्हते. यात दोष द्यायचाच असेल तर तो गाठ मारणाऱ्याला द्यावा.

किसनभाऊ पुढे आले. संतापले होते, पण पाहुण्याशी बोलण्याची रीत त्यांनी सोडली नाही.

"सायेब, पोरीचं नाव चौकात लागतंय. तुमच्या का पोटात दुखतंय?"

"नाव लागू द्या, भाऊ," टेंबे म्हणाले. "यंत्राचं पोट तेवढं झाका."

मग तिथेच पारावर बसून त्यांनी नियम समजावून सांगितला. किसनभाऊंनी तो शांतपणे ऐकला आणि नेमका तोच प्रश्न विचारला, ज्याला विद्यापीठाच्या पेटंट समितीतले विद्वान बगल देत असत.

"म्हंजी यंत्र आमच्या पोरीचं का इद्यापीठाचं?"

"शोध तिचा. मालकी विद्यापीठाची."

"ह्ये कुटलं? म्हैस आमची आन् दूध पाटलाचं?"

"म्हैस तुमची, पण गोठा त्यांचा, चारा त्यांचा. प्रयोगशाळा त्यांची, पगार त्यांचा. विकलं गेलं तर नियमानं तिला वाटा आहे. आणि शोधणारी म्हणून तिचं नाव कुलगुरूंनाही काढता येत नाही."

किसनभाऊंनी थोडा विचार केला. "म्हंजी अर्धलीनं, निम्म्या वाट्यावर, जनावर दिल्यावानी."

"तसंच," टेंबे म्हणाले. मालकीविषयीचे विद्यापीठाचे जाडजूड धोरण इतक्या थोडक्यात समजावलेले मी अन्यत्र ऐकलेले नाही. फ्लेक्सची गुंडाळी देवळात ठेवण्यात आली. अर्ज दाखल झाला, आणि नंतर तोच फ्लेक्स, फाटक्या कोपऱ्याला ठिगळ लावून, चौकात चढला. रानड्यांनी जाऊन पाहण्याचे कष्ट घेतले नाहीत.

आता 'घशात घातलं' या आरोपाकडे वळतो. पेटंट समितीवर मी बाहेरचा सदस्य होतो. चाळीसेक वर्षे रसायनशास्त्र शिकवल्याचा तो मान. अर्ज दाखल होण्याआधीच्या बैठकीत सुनीताच्या विभागप्रमुखांनी शोधकांच्या रकान्यात स्वतःचे नाव सुचवले. टेंब्यांनी यंत्राचे चित्र त्यांच्यासमोर ठेवले, वर पेन्सिल ठेवली.

"यातली आपली नळी कोणती, तेवढी दाखवा."

विभागप्रमुख म्हणाले, आपण सातत्याने प्रोत्साहन दिले आहे.

"ती नळी या चित्रात नाही," टेंबे म्हणाले, आणि पेन्सिल परत खिशात ठेवली.

त्यानंतर एक मोठी कंपनी आली. तिला यंत्राचा परवाना एकटीला हवा होता. ती कंपनी गरम हवेची यंत्रे बनवते, हे टेंब्यांनी आधीच काढून ठेवले होते. असा परवाना घेऊन नवे यंत्र कपाटात बंद करून ठेवायचे आणि जुने विकत राहायचे, ही युक्ती जुनी आहे. टेंब्यांनी दोन अटी घातल्या: ठरल्या हंगामापर्यंत यंत्र बाजारात आले नाही तर परवाना रद्द, आणि मावळातल्या शेतकऱ्यांच्या गटांना स्वतःपुरते यंत्र बनवण्याची मोकळीक. कंपनीचे लोक हसले आणि उठून गेले. कुलगुरू नाराज झाले. आणि, हेही मी लपवत नाही, सुनीताही संतापली. "सर, तुमच्या अटींनी माझं यंत्र प्रयोगशाळेतच मरणार," असे ती माझ्यादेखत टेंब्यांना म्हणाली. त्या हंगामात तिच्या वडिलांचा भात पुन्हा ओलाच राहिला. ती टेंब्यांशी बोलेनाशी झाली. रानड्यांची कथा जन्मली ती या काळात, आणि तिला तेवढाच आधार आहे.

टेंब्यांनी खुलासा केला नाही. ते रोज कक्षात जात आणि एकेका कारखान्याला दूरध्वनी करीत. अखेर टाकव्याच्या रस्त्यावरच्या एका लहान कारखानदाराने दोन्ही अटी मान्य केल्या आणि पुढच्या कापणीला यंत्र गावात आले.

ते पाहायला किसनभाऊंनी आम्हा दोघांना बोलावले. खळ्याशेजारी यंत्र चालू होते आणि सगळे गाव एकाच वेळी बोलत होते. कोणी म्हणे कप्पे खोल हवेत, कोणी म्हणे खाली चाकं लावा. एक मावशी मूठभर तांदूळ घेऊन टेंब्यांपुढे आल्या.

"वास घ्या, सायेब. लय दिसांनी असा ऱ्हायलाय. आता मी सांगते, ह्यात नाचणी कशी वाळवायची त्ये."

टेंब्यांचा हात सवयीने वर निघाला. मग त्यांनी तो त्याच तांदळासाठी पुढे केला आणि मावशींचे सगळे ऐकून घेतले. नाचणी, वरई, सुनेचा आळस, सगळे. संध्याकाळपर्यंत ते जागचे उठले नाहीत. सुनीताच्या आईने पान वाढले. ते जेवताना शेजारची दोन माणसे यंत्राच्या झाकणावरून भांडत होती, आणि टेंबे दोघांकडेही सारख्याच आनंदाने पाहत होते. सुनीता समोर येऊन बसली. दोघे काय बोलले ते मी ऐकले नाही. मी मुद्दाम दूर होतो.

परतीच्या वाटेवर आम्ही कान्हे फाटा ओलांडला. मग टेंबे म्हणाले, "फार दिवसांनी लोकांनी माझ्यासमोर वाक्यं पूर्ण केली."

मी वाद घालणारा माणूस आहे, आणि त्या वाक्यात वाद घालण्याजोगे काही नव्हते.

रानडे यावर म्हणतील, की हे सर्व मित्रप्रेमापोटी लिहिले आहे. म्हणून मी माझे मत बाजूला ठेवतो आणि विद्यापीठात कोणालाही विचारून खात्री करता येईल अशी एकच गोष्ट सांगतो. टेंबे निवृत्त झाले तेव्हा पेटंट कक्षाची जबाबदारी घ्यायला विद्यापीठातला एकही प्राध्यापक तयार नव्हता. ती स्वतःहून मागून घेणारी व्यक्ती एकच होती, आणि आज त्या खुर्चीवर डॉ. सुनीता जांभुळकर बसतात.