बिराजदार सरांची चौदा मिनिटं

बिराजदार सर पहिल्यांदा आमच्या घरी जेवायला आले, तेव्हा त्यांनी आमच्या हिच्या पोळ्यांना स्टॉपवॉच लावलं. ही पोळपाटाशी, सर स्वयंपाकघराच्या दारात, आणि मी त्यांच्यामागे लाजेनं अर्धा झालेला. पाच पोळ्या झाल्यावर सर गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, पिठाचा डबा उजवीकडं ठेवलाय तुम्ही. दर पोळीला तीन सेकंद सांडायलेत." ही पोळी लाटत राहिली. सर गेल्यावर मात्र पुष्कळ बोलली. दुसऱ्या दिवशी डबा डावीकडे होता, आणि तो तिथे कसा गेला हे तिनं अजून कबूल केलेलं नाही.

सर मूळचे उमरग्याकडचे. चाकणच्या एका कारखान्यात बारा वर्षं ते टाइम स्टडीला होते. म्हणजे कामगाराच्या मागे उभं राहायचं, तो नट किती सेकंदांत उचलतो, किती सेकंदांत आवळतो ते मोजायचं, आणि त्यावरून लाइनीवर माणसं किती लागतात ते लिहून द्यायचं. ती पक्की नोकरी त्यांनी एक दिवस सोडली. का, ते कुणालाच सांगितलं नाही. मग ते आमच्या मॅनेजमेंट कॉलेजात आले, मुलांना कामं मिळावीत म्हणून कंपन्यांशी संधान बांधायच्या कामावर. मी पवार, तिथला ग्रंथपाल, आणि आवाज बरा म्हणून प्रत्येक कार्यक्रमाचा सूत्रसंचालक. राहायला दोघंही रहाटणीत, एकाच सोसायटीत. त्यामुळे रोज त्यांच्या स्कूटरवर मागे बसायचं आणि कुठल्या सिग्नलला किती सेकंद सांडले ते ऐकायचं, हा माझा नित्यनेम.

परदेशातून कुणी मोठा माणूस चाकणला एखादा कारखाना बघायला आला, की त्याला कॉलेजात ओढून आणायचं, हा सरांचा ध्यास. "पोरांनी पुस्तकातले लीडर लई बघितले. एखादा जित्ता बघू द्या की!"

यंदा डेन्मार्कच्या एक बाई येणार होत्या. इंग्रिड त्यांचं नाव, बऱ्याच देशांत, चाकणलाही, कारखाने असलेल्या कंपनीच्या प्रमुख. त्यांनी चाळीस मिनिटं दिली होती. मुलं पसंत पडली तर सहा जणांना चाकणला सहा महिन्यांचं काम. गेली दोन वर्षं एकही कंपनी आमच्याकडे फिरकली नव्हती, आणि सरांचा करार वर्षावर्षाचा. आमचे संस्थापक अध्यक्ष आप्पा, इथलेच जुने जमीनवाले, त्यांनी सरांना सांगूनच टाकलं होतं, "मास्तर, ह्या वक्ताला जमलं न्हाई, तर आमी दुसरा मानूस बघनार. राग मानू नका."

सर राग कसला मानतात! त्यांनी तालमी सुरू केल्या. रोज दुपारी दोन वाजता मी डेन्मार्कची बाई व्हायचो. खुर्चीत बसून मान हलवायची आणि मुलांनी प्रश्न विचारायचे. प्रत्येक प्रश्न वीस सेकंदांत, आणि सरांनी तपासून दिलेलाच. भाग्यश्री नावाच्या मुलीचा प्रश्न मात्र त्यांनी लाल पेनानं खोडला. ती पोर शांत, पण चिवट. तिचे वडील कंत्राटी कामगार, गेल्या वर्षी काम सुटून घरी बसलेले. तिचा प्रश्न होता : तुम्ही कधी माणसांना कामावरून काढलंय का, आणि ते त्यांना कसं सांगितलं? तिनं तीनदा लिहून दिला, सरांनी तीनदा खोडला.

"चांगला आहे की प्रश्न," मी म्हणालो.

"चांगलाय म्हणूनच नको," सर एवढे जोरात ओरडले की शिपाई आत डोकावून गेला.

दुसरी अडचण आप्पांची. "आमच्यातनं पाव्हना उघड्या डोक्यानं जात न्हाई." म्हणजे दीपप्रज्वलन, स्वागतगीत, परिचय, शाल, नारळ आणि वर फेटा. शिवाय विश्वस्तांचे सत्कार. सरांनी सगळं मोजलं, पंचवीस मिनिटं भरली. आप्पांशी आठवडाभर झुंजून त्यांनी ती अकरावर आणली.

बाई अकराला येणार होत्या. अकरा वाजले, बाई नाहीत. चाकणच्या चौकात कांद्याचे ट्रक आणि कंपन्यांच्या बसगाड्या एकमेकांत अडकल्या होत्या. सव्वा अकरा झाले. सरांच्या शर्टाची पाठ घामानं ओली झाली. सभागृहात दीडशे मुलं इस्त्रीचे कोट घालून ताटकळत होती. अकरा सव्वीसला बाई धापा टाकत आत आल्या आणि पहिलंच वाक्य बोलल्या, "माफ करा, अकरा चाळीसला मला निघावंच लागेल. विमान आहे."

चौदा मिनिटं. त्यातली अकरा सत्काराची.

मी माइकपाशी उभा. हातातल्या कागदावर पहिली ओळ दीपप्रज्वलनाची. आप्पा काडेपेटी घेऊन तयार, फेटा बांधणारा तबक घेऊन तयार. सर व्यासपीठाखालून माझ्याकडे बघत होते. त्यांनी हात आडवा फिरवला : सगळं काप. मी स्वभावानं भित्रा माणूस. आप्पांच्या समोर आप्पांचा कार्यक्रम कापायचा म्हणजे! मी कागद उलटसुलट केला. सरांनी पुन्हा हात फिरवला. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "आता थेट विद्यार्थ्यांशी संवाद."

आप्पांची मान सावकाश माझ्याकडे वळली. तेवढ्यात सर व्यासपीठावर चढले आणि त्यांच्या कानाशी वाकले. मी शेजारीच होतो, ऐकलं. "आप्पा, मीच सांगितलं त्याला. माझ्यावर घ्या." नोकरी टांगणीला असताना हा माणूस असं बोलतो, याचं मला फार अप्रूप वाटलं, आणि स्वतःची थोडी लाजही.

पहिल्या मुलानं विचारलं, तुमच्या यशाचं रहस्य काय? बाईंनी मेहनत वगैरे सांगितलं. दुसऱ्यानं विचारलं, तरुणांना काय संदेश द्याल? बाईंनी तोही दिला. तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी जांभई दाबली. त्यांच्या मागे बसलेले चाकण कारखान्याचे मॅनेजर फोन बघायला लागले. सहा जागा हातातून चालल्याच होत्या. आणि भाग्यश्री उठली. यादीत नाव नाही, हातात कागद नाही. तिनं सरळ तोच प्रश्न विचारला.

मॅनेजरनी फोन खिशात घातला. सरांचा चेहरा पांढरा पडला. बाईंनी समोरची पाण्याची बाटली बाजूला सरकवली आणि भाग्यश्रीकडे नीट बघितलं.

"हो, काढलंय," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा पत्रं पाठवली आणि त्या दिवशी मुद्दाम दुसऱ्या गावी गेले. काम आहे असं सगळ्यांना सांगितलं. काम नव्हतं, मी घाबरले होते. पुढच्या वेळी पहाटे गेटवर उभी राहिले आणि स्वतः सांगितलं. लोकांनी शिव्या दिल्या. एकानं विचारलं, मीच का? माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. पण निदान त्याला विचारायला समोर कुणीतरी होतं. माझ्याकडून शिकायचं असेल तर एवढंच शिका. ज्यानं ठरवलं, त्यानंच सांगायला जायचं."

अकरा चाळीस होऊन गेले. सर जागचे हलले नाहीत, शेवटी मॅनेजरनीच बाईंना उठवलं. जाताना बाईंनी भाग्यश्रीचा हात हातात घेतला.

तीन वाजता मॅनेजरचा फोन आला. सहाही जागा मंजूर, पहिलं नाव त्या मुलीचं. आप्पा दिवसभर फुगून बसले होते, ते स्वतः सरांच्या टेबलाशी आले. "पोरांचं झालं, मास्तर, तुमचं बी झालं समजा. पन म्होरच्या टायमाला फेटा गेटावरच बांधायचा!" कॉलेजात पेढे वाटले. सरांनी आपला पेढा शिपायाला दिला.

संध्याकाळी स्कूटर रहाटणीकडे वळली नाही, काळेवाडीत शिरली. इस्त्रीच्या एका छोट्या दुकानासमोर सरांनी ती थांबवली, पण उतरले नाहीत.

"पवार, लाइन तीनवर नऊ माणसं होती. सात पुरतात, असं मी लिहून दिलं. बरोबरच लिहिलं होतं, आज मोजलं तरी सातच येतील. दोघं गेले. त्यातला हा गायकवाड. रोज माझ्याबरोबर डबा खायचा. त्याला पत्र मिळालं त्या दिवशी मी रजा टाकून घरी बसलो. पुढं त्या लाइनीवर जाऊन उभं राहवेना, म्हणून नोकरी सोडली. सहा वर्षं झाली, इथं यायचं धाडस झालं नाही."

मग ते उतरले आणि काउंटरसमोर जाऊन उभे राहिले. आतला माणूस एका सदऱ्यावर इस्त्री फिरवत होता.

"गायकवाड, मी बिराजदार. तुमची जागा कमी करा, असं मीच लिहिलं होतं."

गायकवाडांनी इस्त्री उभी ठेवली. "माहीत आहे," ते म्हणाले. स्टुलावरचा कपड्यांचा गठ्ठा त्यांनी उचलून बाजूला ठेवला. "बसा."

सर बसले.

"त्या दिवशी सुटल्यावर मी तासभर गेटवर थांबलो होतो," गायकवाड सदऱ्याची घडी घालत म्हणाले. "म्हटलं, बाकी कुणी नाही आलं तरी बिराजदार येतील."

मी मुकाट्यानं बाहेर स्कूटरपाशी जाऊन उभा राहिलो. सरांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते गायकवाडांखेरीज कुणी बघू नये असं मला वाटलं.